जावयाने आणलेली क्वाड बाईक

गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या हाताला गुण होता, पण तोंडाला लगाम नव्हता, आणि ते तोंड सगळ्यात जास्त सुटायचं जावयापुढे. जावयाने फ्रीज घेतला, तेव्हा त्याच्या मागे कान लावून मिस्त्री म्हणाला, "वर्षभर चालला तर नाव बदलीन." त्याला सहा वर्षं झाली, फ्रीज अजून बर्फ पाडतोय. जावयाने घर घेतलं, तर भिंतींना ओल येणार. नवीकोरी मोटार घेतली, तर गिअरबॉक्स रडतोय. अहो, जावयाच्या लग्नातल्या बुटांची शिवणसुद्धा उसवणार होती! मनात पाप नव्हतं हो. एकुलती एक लेक दुसऱ्या घरी गेली, ते दुखणं कुठून तरी बाहेर पडणारच, ते असं पडायचं. लेक आणि जावई एकमेकांकडे बघून हसायचे आणि विषय तिथेच संपायचा.

त्या शुक्रवारी दुपारी दोघं टेम्पोत घालून एक वापरलेली क्वाड बाईक घेऊन आली. चार जाडजूड चाकं, मागे दुसऱ्या माणसाला बसायला जागा. दुसऱ्या दिवशी सकाळी मित्रमंडळींबरोबर डोंगरात तीन दिवसांची सफर होती. जावई चालवणार, लेक मागे बसणार.

"बाबा, एकदा हात फिरवा हिच्यावरून," जावई म्हणाला. "तुमच्या नजरेखालून गेली की बरं वाटतं."

"आणि आज तरी काही चांगलं बोला," लेकीने चिमटा काढला.

मिस्त्री हसला. तोंड आवरायचं हे त्याने मनाशी ठरवलंच होतं.

सुरुवात झकास झाली. तेल दोन बोटांत चोळून पाहिलं, पाणी शिरल्याची खूण नव्हती. एअर फिल्टर स्वच्छ. वेग द्यायचा, अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल सोडला की पटकन जागेवर येत होता. चाकं जॅकवर उचलून हलवली, बेअरिंग घट्ट. "छान आहे," मिस्त्री म्हणाला.

"अगं बाई! आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?" लेक म्हणाली, आणि तिघंही खळखळून हसली.

मग मिस्त्रीला हँडलची रबरं दिसली. डावं झिजून गुळगुळीत, उजवं नवंकोरं. उजवा ब्रेकचा दांडा नवा, उजवं मडगार्ड नवं. म्हणजे ही गाडी उजव्या अंगावर पालथी झाली होती. होतात म्हणा, क्वाड बाईक पडायच्याच. पण त्याचं हसू मावळलं. पाना घेऊन तो गाडीखाली सरपटला.

त्याची एक पद्धत होती. प्रत्येक पाइपवर पान्याने हलकेच ठोकायचं आणि ऐकायचं. डावी बाजू खणखणीत वाजली. उजवीकडे, पुढच्या चाकाचा आर्म चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, मिळतो तिथे, आवाज बद्द आला. त्याने पुन्हा ठोकलं. पुन्हा बद्द. तिथला काळा रंग बाकीच्या रंगाहून काळा होता. नखाने खरवडला तर खाली पुट्टी.

पाइपला तडा गेला होता, आणि कुणा मेल्याने पुट्टी भरून वर रंग फासला होता. सपाट रस्त्यावर महिनाभर चालली असती. डोंगरात, दोघांच्या वजनाने, एक दगड बास होता. चाक आत दुमडणार, गाडी उलटणार, आणि मागे बसणाऱ्याला धरायला हँडलही नसतं.

तो बाहेर आला. "ही न्यायची नाही."

लेकीने घड्याळात बघितलं. "पाऊण तास टिकलात, बाबा!"

"माऊ, थट्टा नाही करत. चासीला तडा आहे. पुट्टी भरलीय आत."

"फ्रीजही वर्षभरात बसणार होता," जावई म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. सहा वर्षांत पहिल्यांदाच तो उलटून बोलत होता.

"अहो, वाकून बघा तरी!"

जावयाने वाकून बघितलं. "रंग उडालाय जरासा. जुन्या गाड्यांचा उडतोच." मग तो सीटवर उभा राहिला आणि त्याने दाणदाण चार उड्या मारल्या. पाइप हलला नाही. मेला जागचा हलला नाही! क्षणभर मिस्त्रीलाच वाटलं, वर्षानुवर्षं नसलेले दोष ऐकून आपला कानच तर खोटा झाला नाही?

"बाबा, खोट गाडीत नाही," जावई म्हणाला. "मी तुम्हाला पसंत नाही, एवढंच आहे."

लेकीने त्याला अडवलं नाही. ते मिस्त्रीच्या जिव्हारी लागलं.

"आम्ही सामान घेऊन येतो. तासाभरात टेम्पो येईल," ती म्हणाली, आणि दोघं गेली.

नीट जोडायचं तर इंजिन उतरवावं लागलं असतं, दोन दिवसांचं काम. हातात होता एक तास. मिस्त्रीने पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवली, ग्राइंडर उचलला आणि पाइपवर टेकवला. अर्धाही कापून झाला नाही तोच पाइप कडाडला आणि चाक आडवं झालं. आत बघतो तर तडा तीन बाजूंनी जुना, गंजलेला! कान खरा होता. माणसाला इतका आनंद होऊ नये, पण झाला. लेकीचा जीव वाचला होता.

दोघं परत आली तेव्हा तो दारातच होता. "ये, ये, बघ माऊ! आधीचीच तुटलेली, मी नुसतं..."

लेकीने त्याच्या हातातल्या ग्राइंडरकडे पाहिलं. "तुम्ही कापलीत."

"अगं, आतला गंज तरी बघ!"

"कापलीत तुम्ही, बाबा."

ती वाकलीच नाही. जावयाने बॅगा उचलल्या.

संध्याकाळी तिचा फोन आला. "रागाने निघायला नको म्हणून सांगते. मित्राकडे एक जास्तीची क्वाड आहे. आम्ही जातोय."

"कुणाची? किती जुनी? मी आत्ता येतो. नुसतं ठोकून बघतो."

"नाही, बाबा. ती तुम्हाला दाखवायची नाही असं ठरलंय."

"तोंड उघडणार नाही मी, माऊ. शपथ. बघू दे फक्त."

"ठेवते," ती म्हणाली.

त्याने परत लावला, तिने उचलला नाही. पुन्हा लावला, तेव्हा फोन बंद होता. मग जावयाला विनवू म्हणून त्याने फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली, पुन्हा खालून वर पाहिली. सहा वर्षांत जावयाचा नंबर त्याने घेतलेलाच नव्हता.