प्रेस मशीनचा नंबर

भाज्य

६३०२४८०२०९.

एकतीस वर्षांपूर्वी या नंबराच्या प्रेस मशीनने बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. भरपाईच्या अर्जांवर लिहून लिहून नंबर त्यांना तोंडपाठ झाला आणि डोक्यात बसलं, ही मूळ संख्या असणार. एक आणि स्वतः सोडून कुणालाच दाद न देणारी.

"ऐऱ्यागैऱ्या मशीननं नाही खाल्लं मला," ते म्हणायचे.

भाजक

खात्री करायची तर तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ७९,३८८ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायचं. एकदा जरी बाकी शून्य आली, की खेळ खलास. बाबांनी वह्यांवर वह्या भरल्या. अर्धांगवायूने हात गेला, तेव्हा वही लेकीकडे आली. ती नर्स. रोज पाच भागाकार, मग ड्यूटी. ती ओळ वाचायची, बाबा पडल्यापडल्या नवाचा ताळा करायचे. आकड्यांच्या बेरजा जुळल्या की मान हलवायचे.

सत्तर हजार ओलांडले आणि ती थकली. भागणं सोडून ताळ्यात बसेल अशी बाकी मनानेच लिहू लागली. शून्य तेवढी टाळायची.

चारशे बावीस ओळी.

भागाकार

"थांब," बाबा म्हणाले. डॉक्टरांनी आठवडा दिला होता, त्यातला हा तिसरा दिवस. "आज गुणून, बाकी मिळवून शेवटचा आकडाही जुळवून पाहिला. नऊ यायला हवा. तुझा चार येतोय."

तिने वही मिटली.

"पेशंटचा ताप पण असाच लिहितेस का गं, अंदाजे?"

"बाबा..."

"किती ओळी?"

तिने सांगितलं.

"त्यातल्या पहिलीपासून घे. माझ्यासमोर."

७०,००१. बाकी उरली. ७०,००३. उरली. ७०,००९. उरली.

७०,०१९. पेन्सिल थबकली. भागाकार नव्वद हजार अकरा, आणि खाली काहीच नाही. तिने पुन्हा भागलं. काहीच नाही.

बाकी

"बोल की."

नुसती बाकी बदलून भागलं नसतं. ताळ्यात लगेच सापडली असती. तिने मनात नवाचा ताळा बसवला, शेवटचा नऊ बसवला. तीन महिन्यांत हात चांगलाच बसला होता.

"भागाकार नव्वद हजार दहा. बाकी एकोणनव्वद."

बाबांचे ओठ हलत राहिले. मग थांबले.

"नवाचा बसला. शेवटी नऊही आला." त्यांनी तीन बोटांच्या हाताकडे बघितलं. "बघ, सरळ काम केलं की कसं जुळतं. पुढचा घे."

पुढचा ७०,०३९. तिने तो खरा भागला. त्यानंतरचाही. चौथ्या दिवशी, पाचव्या दिवशी, बाबांचे ओठ हलायचे थांबेपर्यंत तिने एकही आकडा मनाचा लिहिला नाही. एकेक ओळ चोख, आणि एकीचाही उपयोग नव्हता.