दिराचं सूतक

वसंता गेल्याचं सून मृणालनं सांगितलं तेव्हा अनसूयाबाई मेथी निवडत होत्या. "बरं," म्हणाल्या. ताट सरकवलं, न्हाणीघरात जाऊन नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं आणि कोपऱ्यात घोंगडीवर येऊन बसल्या.

"देवाला शिवू नकोस. देवळातली पूजा शेजारच्या गुरुजींना सांग. विहंगलाही सांग, गाभाऱ्यात पाय ठेवायचा नाही."

डोळ्यांत टिपूस नाही. ज्या दिराशी इतकी वर्षं कोर्टात भांडल्या, त्याचं सूतक धरून बसल्या. त्यात काही चुकतंय हे त्यांना कळलं नाही, सुनेला नाही, मुलाला, विहंगलाही नाही.

कळलं ते वकिलाला. प्रसाद वकील फ्रीगंजातल्या ऑफिसातून सह्या घ्यायला आले, तर बाई म्हणाल्या, "लांब बसा. दहावा व्हायचाय अजून."

"कोणाचा?"

"वसंताचा. त्याचं नाव लिहून लिहून तुमची शाई संपली, अन् मला विचारता?"

वकिलांनी पिशवी खाली ठेवली. "काकू, आपला दावाच असा की वसंतराव लहानपणी देवासच्या मामांना दत्तक गेले. परक्या घरचे झाले. म्हणून घराण्याच्या राममंदिरातली पूजा एकट्या विहंगची. दत्तक गेलेल्याचं तीन दिवस धरतात. तुम्ही दहा दिवस बसलात, तर जज म्हणतील, त्यांना घरचेच मानत होतात की."

सूतक बाईंनी विचार करून धरलं कुठे होतं? हातानं जसा पदर सावरावा, तसं झालं होतं.

"कोर्टात पेशीला, तारखेच्या दिवशी, विचारलं तर सांगा, ताप होता, पडून होते."

"सांगेन."

वसंताच्या जागी आता त्याची बायको शैला दाव्यात आली होती. पेशीला ती मागच्या बाकावर बसली होती, पांढऱ्या साडीत, निम्मी झालेली. तिच्या वकिलानं उलटतपासणीत नेमकं तेच काढलं.

"माताजी, देवर के गुज़रने पर सूतक रखा था?"

"तबीयत खराब थी. बुखार था."

"ठीक. आप बीमार थीं, बेटा तो ठीक था. तो उन दिनों रामजी की पूजा बेटे ने की होगी?"

हा सवाल वकिलाच्या डोक्यातला नव्हता. एका चुलीवर जेवलेल्या शैलाचा होता. हो म्हणावं, तर दावा शाबूत. पण मग अनसूयाबाईंचा मुलगा सुतकात देवाला शिवला, हे कागदावर चढणार.

"हमारे घर में ऐसा नहीं होता," त्या म्हणाल्या. "दस दिन कोई भगवान को नहीं छूता."

"मतलब, सूतक था."

"था."

कोर्टाच्या बाबूनं ते टाइप केलं. प्रसाद वकील खाली बघत राहिले. बाई कठड्यातून उतरल्या. राग यायला हवा होता, आला नाही. झोपेत अंगाखाली येऊन बधिर झालेला हात असावा, तसं सगळं आतून झालेलं.

बाहेर व्हरांड्यात शैला शेजारी येऊन उभी राहिली. "जाऊबाई, तेराव्याला आला नाहीत."

"बोलावलंत कुठे?"

"घरच्यांना बोलावणं लागतं का?"

वकील मागून अपिलाचं काही सांगत होते, हरलो तरी वर जाऊ, इंदूरला हायकोर्टात जाऊ. बाईंनी मान वळवली नाही.

"या रामनवमीची पूजा विहंग करील," त्या शैलाला म्हणाल्या, भाजीचा भाव सांगावा तशा. "वडलांचं वर्ष झालं की पुढली तुझ्या निखिलची. तोवर त्याला सोवळं नेसायला शिकव. मागं नेसला होता, ते गुडघ्यात अडकत होतं."