दुपारी फोन करते

दुसऱ्या तासाची घंटा झाली की माझे वडील गल्ला रोनकच्या हवाली करून शाळेत जात. रोनक माझा धाकटा भाऊ. भडगावच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे आणि शाळा मागच्याच गल्लीत. पप्पा पाचवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत, तास संपला की उठून परत येत. गिऱ्हाइकांनाही हे पाठ झालं होतं. "भाऊ कुठे गेले?" कोणी विचारलं की रोनक म्हणे, "मम्मीच्या तासाला."

मी धुळ्याला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पप्पांचं हे वर्गात जाऊन बसणं मला माहीत होतं आणि त्यात मला काही वाईट दिसत नव्हतं. मग पोळा झाल्यावर एका दुपारी शाळेचे मुख्याध्यापक हितेंद्र सर यांचा फोन आला.

"ताई, एकदा येऊन वर्गात बसा. भाऊंच्या शेजारीच बसा."

"पप्पांना काही झालं का?"

"त्यांना काही नाही. फोनवर सांगण्यासारखं नाही, एवढंच."

माझी आई, प्रेमकुंवर, त्या शाळेत पाचवीला गणित शिकवायची. दोन हजार वीसच्या जूनमध्ये शाळा उघडल्याच नाहीत, तेव्हा ती घरून शिकवायला लागली. दुकानातलं काळं रेक्झिन पप्पांनी फळीवर ताणून तिला फळा करून दिला. तांदळाच्या डब्याला टेकवून ती मोबाइल उभा करायची आणि पाठ रेकॉर्ड करून मुलांच्या आई-बापांना पाठवायची. ज्या घरात तसला मोबाइल नव्हता त्यांच्यासाठी ती गणितं कागदावर लिहून दुकानात ठेवायची. शटर अर्धं खाली असायचं. पप्पा खालून हात काढून कागद द्यायचे. त्या वर्षी आमच्या दुकानातून कापडापेक्षा गणितंच जास्त गेली, असं रोनक म्हणायचा.

पुढच्या एप्रिलमध्ये तिला ताप आला. जळगावला बेड मिळाला. तिथून ती परत आली नाही. पप्पांना तिचा चेहरा लांबून दाखवला, तोही प्लास्टिकमधून. आमच्यात जे काही करायचं असतं त्यातलं काही करता आलं नाही.

दुसऱ्या पुण्यतिथीला पप्पांनी शाळेला स्मार्ट क्लास दिला. मोठा टीव्ही, स्पीकर, इन्व्हर्टर. दारावर संगमरवरी पाटी, तिच्या स्मरणार्थ. टीव्हीवर लावायला म्हणून तिचे पाठ मीच तिच्या मोबाइलमधून काढले, क्रमाने लावले आणि पेन ड्राइव्हवर भरून दिले. पाटी उघडली तेव्हा संस्थेचे सचिव म्हणाले, "मॅडम आता कधीच रिटायर होणार नाहीत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पप्पा रडले. आई गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं आणि मला बरं वाटलं.

हितेंद्र सरांच्या फोननंतर सोमवारी रजा टाकून मी आले. पप्पांबरोबर वर्गात गेले. शिपायाने रिमोटने टीव्ही लावला आणि दार ओढून तो निघून गेला. वर्गात मोठी माणसं आम्ही दोघंच.

आई पोपटी साडीत होती. मागे आमच्या स्वयंपाकघराची खिडकी.

"एक छेद तीन," ती फळ्यावर लिहीत म्हणाली, "आणि एक छेद पाच. यातला मोठा कोणता? विचार करा. घाई नको."

ती थांबली. कॅमेऱ्याकडे बघत, ओठ किंचित हलवत. आकडे मोजत असावी. समोर मुलं नसताना मुलांसाठी थांबायची तिची ती रीत होती.

"एक छेद पाच!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

"शाब्बास!" आई म्हणाली.

मी पप्पांकडे पाहिलं. ते समोर बघत होते.

"का मोठा, ते वहीत चित्र काढून बघा. लगेच सांगू नका. दुपारी फोन करते, तेव्हा सांगा. फोनजवळ राहा बरं का."

पहिल्या बाकावरच्या मुलाने कानाला हात लावला. "हॅलो मॅडम! आवाज येत नाहीये! नेटवर्क नाही मॅडम!"

वर्ग हसला. दुसऱ्याने "ट्रिंग ट्रिंग" केलं. हे रोजचं असावं, कारण ते कोणी पप्पांपासून लपवत नव्हतं. टीव्हीवर आईने पुढचं उदाहरण घातलं, थांबली, मुलांनी काहीतरी आरोळी ठोकली. "शाब्बास. दुपारी फोन करते."

माझ्या शेजारी तेल लावून घट्ट वेण्या घातलेली मुलगी होती. वहीवर नाव होतं, दिपमाला. मी हळूच विचारलं, "एक छेद पाच मोठा कसा गं?"

"पाच मोठा शे ना," ती अहिराणीत म्हणाली.

"चित्र काढून पाहिलंस?"

"नही."

"का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पाचवीत आहे. "कोन पाहस? काही बी सांगा, ती मॅडम सगळासले शाब्बासच म्हनस."

"आणि फोन?"

ती वहीचा कोपरा दुमडत राहिली. "जूनमा काढं व्हतं चित्र. फोनपाशी बशी ऱ्हायनू. फोन उनाच नही."

"मॅडम आता नाहीत, हे माहीत आहे ना तुला?"

"आते माहीत शे. तवय नव्हतं माहीत."

आई खरंच फोन करायची. तेच तर तिचं शिकवणं होतं. सकाळी पाठ गेला की दुपारी जेवणं उरकून ती पडवीत बसायची, यादी न बघता एकेका घरी फोन लावायची. उत्तर बरोबर आलं तरी विचारायची, "का?" चुकलं तर म्हणायची, "एक भाकरी घे. तिचे तिघांत वाटे कर, मग पाचांत कर. कोणाला जास्त मिळाली?" कधी एकाच मुलाशी तिचा अर्धा तास जायचा. सकाळचं शाब्बास फक्त धीर द्यायला असायचं. चूक ती दुपारी धरायची, एकट्यात. मी पेन ड्राइव्हवर भरून दिली ती सकाळ. दुपार कुठेच रेकॉर्ड झालेली नव्हती.

हितेंद्र सर रावेरकडचे, केळीवाल्या घरातले. आईच्या हाताखाली ते उमेदवार शिक्षक म्हणून लागले होते. ऑफिसचं दार लावून घेत ते म्हणाले, "पाहिलंत?"

"पाहिलं. आईच्या जागेवर कोणी का नाही?"

"एक बाई होत्या वर्षभर. लग्न होऊन सुरतला गेल्या. नंतर स्मार्ट क्लास आला. ही तुकडी विनाअनुदानित, नेमणूक संस्थेनेच करायची. मी दर महिन्याला विषय काढतो. सचिव म्हणतात, गणित तर प्रेमकुंवर मॅडम शिकवतातच की. पालक आले तर त्यांना टीव्ही दाखवतात. टीव्हीचा आवाज रस्त्यापर्यंत जातो, ताई. बाहेरून जाणाऱ्याला वाटतं, तास चालू आहे."

"तुम्ही बंद का नाही करत?"

"मी नोकर माणूस. दान भाऊंचं." त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "टीव्हीशी माझं भांडण नाही. कापूस वेचायला आला की दिवाळीपर्यंत अर्धी मुलं वावरात असतात. मॅडमनी केलं तसं त्यांना फोनवर धरून ठेवता येईल. पाठ आदल्या संध्याकाळी घरी पाठवायचा, वर्गात नुसतं का, कसं, एवढंच करायचं. कोरोनात आपण हे शिकलो होतो. पण त्याला फोन करणारं माणूस लागतं. संस्थेला त्यातला टीव्ही तेवढा आवडला."

निघताना ते म्हणाले, "या दिवाळीनंतर हाच पेन ड्राइव्ह संस्थेच्या दुसऱ्या शाळेत जाणार आहे. तुमची गरज लागणार नाही, असं तिथल्या गणिताच्या सरांना सचिवांनी सांगून ठेवलं आहे."

संध्याकाळी दुकान बंद करून पप्पा घरी आले. सूर्यास्ताआधीचं जेवण झालं. मी ताटं उचलली, त्यांच्या समोर बसले आणि जे पाहिलं ते सांगितलं. आवाज चढू दिला नाही.

"म्हणजे मी तिला बंद करायला सांगू," शेवटी ते म्हणाले.

"टीव्ही बंद करायला सांगा."

"तुझ्यासाठी टीव्ही."

"पप्पा, मुलं चुकीचं उत्तर देतात आणि ती शाब्बास म्हणते. मम्मी असती तर तिने स्वतः उठून…"

"मला शिकवतेस?" ते एकदम म्हणाले. "चाळीस वर्षं कापड मोजतो मी. तिसरा हिस्सा मोठा की पाचवा, हे मला कळत नसेल? ती पोरं काय ओरडतात ते पहिल्या दिवसापासून ऐकतोय मी."

रोनक आतल्या खोलीतून दारात आला आणि तिथेच थांबला.

"ऐकतोय, आणि गप्प बसतोय," पप्पा म्हणाले. "बोललो असतो तर हेच झालं असतं. बंद करा म्हणावं लागलं असतं."

"तिचे पाठ घरी मोबाइलवर आहेत, पप्पा. इथे ऐका. हवे तेव्हा."

"ऐकून पाहिलं. इथे ऐकलं की ती मेलेली असते. तिथे ती विचारते आणि समोरून कोणीतरी उत्तर देतं. चुकीचं का होईना."

शोकावर मी पुष्कळ वाचलं आहे, इतरांना वाचायला काढूनही दिलं आहे. त्यातलं काहीच मला त्या वेळी आठवलं नाही.

"आणि दिलेलं दान," ते उठता उठता म्हणाले, "दिलं की आपलं राहत नाही. त्यावर हुकूम चालवायचा नसतो."

"हुकूम नका करू. विनंती करा."

ते झोपायला गेले. सकाळी जैन स्थानकातून परत आल्यावर त्यांनी दुकानाची किल्ली रोनककडे दिली आणि मला म्हणाले, "चल. सचिव दहापर्यंत घरी असतात."

सचिवांनी आम्हाला बैठकीत बसवलं, ताक मागवलं. पप्पांनी ताक बाजूला ठेवलं आणि सरळ म्हणाले, "पाचवीला गणिताला माणूस नेमा."

"जवरीलालजी, नेमू की. पुढच्या जूनला बघू."

"आत्ता."

"आत्ता मधल्या वर्षात कोण मिळतं? आणि मुलांचं अडलं कुठे आहे? भाभीजी शिकवतायत. अहो, लोक लांबून बघायला येतात आपला वर्ग."

"ती शिकवत नाही," पप्पा म्हणाले. "ती गेली."

सचिव माझ्याकडे बघायला लागले, हे मी त्यांना पढवलं आहे का, हे चाचपत. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, तुमच्या भावना मी समजतो. पण टीव्ही बंद केला तर त्या तासाला मुलं काय करणार? माणूस नाही म्हणजे नाही. मी खोटं सांगत नाही. मग वर्ग रिकामा बसेल. काहीच नसण्यापेक्षा मॅडमचा आवाज बरा नाही का?"

त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. मलाही क्षणभर तो खरा वाटला. पप्पा जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, ते आता उठतील, हात जोडतील आणि उद्या पुन्हा शेवटच्या बाकावर जाऊन बसतील. तसं झालं असतं तर मी पुन्हा काही बोलले नसते.

"बसू द्या रिकामा," ते म्हणाले. "रिकामा आहे तर रिकामा दिसू द्या."

"लोक तुम्हाला बोलतील, जवरीलालजी."

"बोलू द्या."

त्याच दिवशी दुसऱ्या तासाआधी हितेंद्र सरांनी पेन ड्राइव्ह काढून पप्पांच्या हातात दिला. पप्पांनी तो सदऱ्याच्या खिशात टाकला आणि वर्गात न डोकावता दुकानात आले.

याला आता दोन महिने झाले. माणूस अजून नेमलेला नाही. कोणी म्हणालं, भाऊंची बुद्धी फिरली. कोणी म्हणालं, लेकीने भरवलं, तिला आईचं कौतिक सहन झालं नाही. एक पालक दुकानात येऊन ओरडून गेला, "मॅडम तेवढ्या होत्या, त्यापण तुम्ही काढून नेल्या!" पप्पांनी त्याचं ऐकून घेतलं. घरी ते आईचे पाठ ऐकत नाहीत. रोनक सांगतो, ते जेवणही कमी करत चाललेत.

गेल्या आठवड्यात मी दुकानात बसले होते. दुसरा तास सुरू झाला. मागच्या गल्लीतून पाचवीच्या वर्गाचा गोंगाट यायला लागला. बाकं सरकत होती, कोणीतरी पत्र्यावर पट्टी आपटत होतं, आणि त्या सगळ्यावर एकच किंकाळीसारखं हसू. पूर्वी याच वेळी तिथून आईचा आवाज यायचा.

परकराचं कापड घ्यायला आलेली एक बाई मागे वळून बघायला लागली. "कसला गोंधळ हो भाऊ हा?"

पप्पांनी कापडाची घडी उलगडली, गजाला लावली.

"पाचवीचा वर्ग आहे," ते म्हणाले. "गणिताचा तास. शिकवायला कोणी नाही."

"अगं बाई. रोजच?"

"रोज."

त्यांनी कात्री लावली, कापड फाडलं, घडी घातली. रोनक मला हळूच म्हणाला, दिवसाला जेवढी गिऱ्हाइकं येतात तेवढ्यांना ते असंच सांगतात. कोणी विचारलं नाही तर स्वतःहून सांगतात.

"तुमचं कोणी आहे का त्या शाळेत?" पप्पांनी बाईला विचारलं.