गोलकीपर केतकीची किटबॅग

मित्रांनो, साबण चोळल्याशिवाय माझी चेन आता सरकत नाही. माझा एक पट्टा दोनदा शिवून झाला आहे आणि माझा मूळचा रंग कोणता, हे नेमके सांगणे मलाही कठीण जाते. मी आहे एक म्हातारी किटबॅग. माझ्या पोटात बूट, मोजे, ओले टॉवेल आणि एका मुलीचे चार दिवसांचे गुपित राहून गेले आहे. त्या गुपिताचीच गोष्ट सांगते.

माझा जन्म कोल्हापुरातला. रवींद्र नावाच्या कारागिराने जाड कॅनव्हास कापून मला शिवले आणि तळाला दुहेरी टीप घातली. मला विकत घेतले कॉलेजात शिकणाऱ्या शैलेंद्रने. तो आपल्या पेठेच्या तालमीच्या संघात गोलकीपर होता. कोल्हापुरात फुटबॉलचा सामना म्हणजे पेठेच्या अब्रूचा प्रश्न! सामना जिंकला की पोरे शैलेंद्रला खांद्यावर घेत आणि कोणीतरी मलाही डोक्यावर घेऊन नाचे. मग तो इंजिनिअर झाला, नोकरीला लागला आणि मी माळ्यावर गेले. कितीतरी वर्षे माझ्याकडे कोणी फिरकले नाही. शैलेंद्र आणि त्याची बायको रेवती आयर्लंडला निघाले, तेव्हा कांदा-लसूण चटणीचे डबे भरायला काहीतरी मजबूत हवे होते, म्हणून मला खाली काढले.

गॉलवेच्या घरी टॉवेल ठेवायच्या उबदार कपाटात मला जागा मिळाली. त्या कपाटाला इथे हॉट प्रेस म्हणतात. तिथून मला ओढून काढले त्यांच्या मुलीने, केतकीने. ती अकरा वर्षांची होती. "बाबा, ही मी घेऊ?" एवढेच तिने विचारले आणि मी पुन्हा कामाला लागले.

केतकीही गोलकीपर झाली, आणि बापापेक्षा सरस झाली. बारावीच्या वर्षी एका अमेरिकन कॉलेजच्या कोच, कॅरलबाई, तिला खेळताना पाहून गेल्या. संघात जागा द्यायला त्या तयार होत्या, पण केतकीचे गणिताचे गुण कमी पडत होते. म्हणून कॉलेजआधी एक वर्ष तिने प्रेप स्कूलमध्ये काढावे असे ठरले. आयर्लंडमधल्याच नास गावाबाहेरची ही निवासी शाळा अशाच खेळाडूंसाठी होती. सकाळी वर्ग, दुपारी मैदान. नोव्हेंबरात कॅरलबाई येणार, एक सामना बघणार आणि मग जागेच्या कागदावर सही होणार. ती सही म्हणजे केतकीचे सगळे काही होते.

सामना शुक्रवारी होता. सोमवारी सरावात केतकीने डावीकडे झेप घेतली आणि तिचे डोके गोलच्या खांबावर आदळले. मी रेषेपाशीच पडले होते. तो आवाज मला अजून आठवतो. कोच शिनेड धावत आल्या. केतकी उठून हसली. "आय ॲम ग्रँड," ती म्हणाली. 'मी ठीक आहे' म्हणायला इथे सगळे असेच म्हणतात, पाय मोडला तरी.

पण ती ग्रँड नव्हती. मंगळवारी सकाळी तिला उलटी झाली. तोंड पुसलेला टॉवेल तिने माझ्या तळाशी कोंबला. वर्गात गणिताचे आकडे तिच्या डोळ्यांपुढे हलत होते. डोकेदुखीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे ती माझ्या बाजूच्या खिशात लपवू लागली. गुरुवारपर्यंत अशी तीन पाकिटे जमली.

शुक्रवारी सकाळी तिच्या खोलीतल्या ऑर्लाने चिकटपट्टी शोधताना तोच खिसा उघडला. ऑर्ला एनिस गावची, मोजके बोलणारी मुलगी. तिने पाकिटे पलंगावर मांडली.

"तू सांगतेस की मी सांगू?"

"ऑर्ला, प्लीज! आजचाच दिवस. आज नाही खेळले तर सगळं संपलं."

"तू माझ्याशी कायमची बोलली नाहीस तरी चालेल," ऑर्ला म्हणाली. "पण दुपारपर्यंत सांगितलं नाहीस, तर मी शिनेडकडे जाणार."

दुपारी शैलेंद्र सामना बघायला गॉलवेहून आला. केतकी मला मांडीवर घेऊन त्याच्या गाडीत बसली. तिला मराठी सगळी समजते, पण ती उत्तर देते इंग्रजीत. त्या दिवशी मात्र मराठीत म्हणाली, "बाबा, माझं डोकं सोमवारपासून दुखतंय. खूप."

तिने सगळे सांगितले. मग तो जे बोलला, ते ऐकून मला वाईट वाटले. "एक हाफ... निदान एक हाफ निभावशील का गं? त्या बाई एवढ्या लांबून आल्यात."

केतकीने माझी चेन उघडली आणि हातमोजे काढले. तेवढ्यात ढग सरले, काचेतून ऊन आत आले आणि तिने दोन्ही हातांनी डोळे गच्च झाकून घेतले. त्या फिक्या उन्हानेही ती कळवळली होती.

शैलेंद्रचा चेहरा उतरला. "नको, बाळा. चुकलं माझं," तो म्हणाला. त्याने हातमोजे तिच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या कोटाच्या खिशात घातले. "तू इथेच बस. शिनेडला मी सांगतो."

तिथून त्यांनी थेट हॉस्पिटल गाठले. रेवतीही दोन तासांत येऊन पोचली. तिघे एका रांगेत बसले होते आणि मी केतकीच्या पायाशी. डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टर निधी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "रक्तस्राव नाही. मेंदूला हादरा बसलाय. विश्रांती घेतली की बरी होईल. किमान तीन आठवडे बॉलला हात लावायचा नाही. आज खेळली असती आणि पुन्हा मार बसला असता, तर मला हे इतक्या सहज सांगता आलं नसतं."

"सुटले गं बाई!" रेवती म्हणाली आणि एकदम हसायला आणि रडायला लागली. तिने माझ्यातला टॉवेल ओढून त्यानेच डोळे पुसले. तो कोणता टॉवेल होता हे केतकीला माहीत होते, पण आईला थांबवायचा धीर तिला झाला नाही.

शनिवारी कॅरलबाई शाळेत आल्या. केतकी पलंगावर उशीला टेकून बसली होती. "मी काल खेळले नाही," ती कशीबशी म्हणाली.

"मला कळलं सगळं," कॅरलबाई म्हणाल्या. "चार दिवस लपवलंस, ते मला मुळीच आवडलं नाही. पण शेवटी सांगितलंस. गोलकीपर मागून ओरडते आणि पुढचे सगळे तिच्या शब्दावर विसंबून धावतात. तेव्हा माझ्या गोलकीपरने खरं बोललंच पाहिजे." त्यांनी सही केलेला जागेचा कागद पुढे केला. "गणितात मात्र सूट नाही हं."

केतकीने ऑर्लाकडे पाहिले. ऑर्ला खिडकीकडे तोंड करून नाक पुसत होती.

महिन्याभराने केतकी पुन्हा मैदानात उतरली. मे महिन्यात गणितात पासही झाली, तेही ऑर्लाने रोज रात्री छळून घेतलेल्या अभ्यासामुळे. ऑगस्टमध्ये ती अमेरिकेला गेली. कॉलेजने तिला नवी बॅग दिली होती. जाताना तिने मला ऑर्लाच्या हाती सोपवले. आता मी एनिसला असते. ऑर्ला लहान मुलींना फुटबॉल शिकवते आणि मी त्यांचे बॉल वाहते. माझ्या बाजूच्या खिशात आता मलमपट्टीची पेटी असते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूची चेन तुटली तर नवी बसवता येते, तळ फाटला तर ठिगळ लावता येते. तुमच्या डोक्याला ठिगळ लावता येत नाही. म्हणून कुठे दुखत असेल, तर ते पिशवीच्या तळाशी कोंबू नका. आणि मैत्रीण लपवत असेल, तर ती रागावेल म्हणून गप्प राहू नका. त्या चार दिवसांत मला सगळे दिसत होते, पण बोलता येत नव्हते. तुम्हांला येते.