वर्नाचा कोपरा

"एल्वूड, आता तरी काढ की ते लेबल. आज गिऱ्हाईक तूच आहेस," गाड्या धुता धुता त्याच्या सोबत काम करणारा रॉस्को ओरडला.

एल्वूड नुसता हसला. ओहायोतल्या या शोरूममध्ये नव्या गाड्या धुण्यापुसण्यात त्याची हयात गेली होती. खिडकीवरचं किमतीचं आणि अपघाताच्या चाचणीत मिळालेल्या सुरक्षेच्या ताऱ्यांचं लेबल घेणाऱ्यानंच काढायचं, असा कायदा. एल्वूड गरम हवेनं डिंक सैल करायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "कोपरा तुम्ही धरा, बाकी मी बघतो." स्वतः मात्र जन्मभर लोकांनी वापरून टाकलेल्या गाड्या चालवल्या. लंकेत सोन्याच्या विटा असतील, आपल्याला काय त्याचं!

निवृत्त होताना नवी गाडी घेतली ती बायकोसाठी, वर्नासाठी. बर्फावरून जुनी गाडी घसरून उलटली, तेव्हापासून ती गाडीत बसलीच नव्हती. तळ्याकाठच्या बहिणीकडे जायचा नुसता विषय निघाला तरी ती उठून आत निघून जाई.

घरासमोर गाडी उभी राहिली. वर्नानं चष्मा पुसून लेबल वाचलं.

"एवढ्या पैशांत आपलं घर आलं होतं."

"घराला चाकं नव्हती. खाली बघ, तारे."

पाचही ताऱ्यांवरून तिनं हळूच बोट फिरवलं.

"धर कोपरा," तो म्हणाला.

"नको. हे आहे तोवर मी बसते. काढलंस की उतरले."

"अगं, तारे गाडीला मिळालेत, कागदाला नाही."

"तुला काय ठाऊक?"

ती मागे, लेबलाला खेटून बसली. तो सगळा उन्हाळा ते तळ्याकडे जात राहिले. कागदातून गाळलेलं पिवळसर ऊन तिच्या मांडीवर पडायचं, ती पेंगायची. दोन्हीकडे मक्याची शेतं हलायची आणि एल्वूडला वाटायचं, गाडी रस्त्यावर नाहीच, पाण्यावरून चाललीय. गावातले लोक विचारत, "काय रे, विकायचीय का?" तो म्हणे, "मालकीणबाईंना विचारा."

हिवाळ्यात वर्ना झोपेतच गेली.

वसंतात मेव्हणीचा फोन आला, "एकटा का होईना, ये." निघण्यापूर्वी त्यानं मागची खिडकी पाहिली. उन्हानं किंमत पुसली होती, तारेही दिसेनासे झाले होते. त्यानं गरम हवेचं यंत्र आणून कडा सैल केल्या. आणि तिची फार आठवण आली.

सवयीनं तो जरा बाजूला सरकला.

"कोपरा तू धर," तो म्हणाला आणि यंत्र हातात धरून थांबला.