ठिणगीबाबा आणि मिल्ट्रीचा ट्रक

चावडीपुढं सकाळी सकाळीच जत्रा भरली होती. कामशेतची माणसं होती, आंबीहून रात्रपाळी करून परतणारे कामगार होते, आणि लोणावळ्याला निघालेले काही पर्यटक तर गाडी वळवून आले होते आणि मोबाइल उंच धरून उभे होते. मधोमध सोपानचा ट्रक. बंपरला हळदकुंकू, बॉनेट उघडं, आणि त्यात कमरेपर्यंत वाकलेले ठिणगीबाबा. हातात तांबड्या फडक्यात गुंडाळलेला भलाथोरला चिमटा.

"ओम् डिझेलाय नमः! जवाना, सोड या वाहनाला! सोपान, फिरव चावी!"

चिमटा इंजिनाला टेकला. चर्रकन ठिणग्या उडाल्या, बायकांनी डोळे झाकले आणि ट्रक धडधडत सुरू झाला.

"ठिणगीबाबा की जय!"

केबिनमध्ये सोपाननंही हात जोडले. पण मन काही थाऱ्यावर नव्हतं.

हा ट्रक त्यानं मिल्ट्रीच्या लिलावात घेतलेला. त्यावर टाकी बसवून तो उन्हाळ्यात डोंगरावरच्या वस्तीला पाणी पोचवायचा. तो चढ दुसऱ्या कुठल्या गाडीला झेपत नसे. यंदा ऐन चैत्रात ट्रकनं मान टाकली. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, पण चावी फिरवली की नुसतं 'टक्'. बॅटऱ्या नव्या घातल्या. कामशेतच्या मिस्त्रीनं स्टार्टर खोलून पाहिला, तोही चांगला. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, ह्ये माझ्या हातातलं न्हाई."

तेवढ्यात बाबा उगवले. बराच वेळ ट्रकखाली आडवे होऊन त्यांनी 'ध्यान' लावलं आणि अंगाची माती झटकत बाहेर येऊन सांगितलं, "लढाईत मेलेला जवान इंजिनात बसलाय. आणि त्याला बांधून ठेवलंय शेजारच्या एकट्या बाईनं!"

ट्रकशेजारी घर होतं विठाबाईचं. एका दिवसात गावानं तिच्या म्हशीचं दूध घेणं बंद केलं. अमावास्येच्या आत तिनं गाव सोडावं, असा बाबांचा हुकूम होता. लहानपणी सोपानची आई आजारी असताना याच विठामावशीनं त्याला जेवू घातलं होतं. आता तिच्या दारावरून जाताना तो मान खाली घालायचा. पण वर वस्तीवर माणसं हंडे घेऊन वाट बघत असायची, आणि ट्रक बाबांशिवाय सुरू होत नव्हता. म्हणून बाबांना रोज गावातून जेवण जात होतं. उतारावरून ढकलून सुरू करू म्हटलं, तर बाबा डोळे वटारत, "जवान चिडेल!"

त्या सकाळी गर्दीतून विठाबाईची मुलगी शुभदा आईचा हात धरून पुढं आली. ती कामशेतच्या शाळेत विज्ञान शिकवते. आईबद्दल कळताच ती पहिल्या गाडीनं आली होती.

"सोपानदादा, इंजिन बंद कर."

"आगं, पुन्हा न्हाई व्हायचं सुरू!"

"बाबा आहेत ना इथं. कर बंद."

सोपाननं बंद केलं. शुभदानं बाबांना नमस्कार केला. "बाबा, ताकद मंत्रात आहे की चिमट्यात?"

"मंत्रात, बालिके! चिमटा केवळ निमित्त!"

"मग मंत्र म्हणा. चिमटा लोखंडापासून वीतभर लांब धरा."

गर्दीत खसखस पिकली. बाबांनी मंत्र म्हटला. टक्. आणखी मोठ्यानं म्हटला. टक्. तिसऱ्या खेपेला त्यांचा आवाजच बसला.

"इतक्या लोकांत जवान लाजतो," बाबा म्हणाले.

"कालपरवा न्हाई लाजला त्यो?" मागून कुणीतरी ओरडलं.

शुभदानं पिशवीतून बॅटरी जोडायची जाड केबल काढली आणि एक टोक ट्रकच्या सांगाड्याला लावलं. दुसरं आईच्या हातात दिलं. "आई, हे टोक इंजिनाच्या त्या उघड्या लोखंडाला लाव. शॉक नाही बसायचा."

बाबा किंचाळले, "हिला हात लावू देऊ नका! गाडी पेटेल!"

विठाबाईनं पदर खोचला. "मंतर कंचा म्हणू गं?"

"तुला येईल तो."

विठाबाईनं केबलचं टोक लावलं आणि इतक्या दिवसांचा राग काढत ओरडली, "व्हय सुरू, मुडद्या!"

सोपाननं चावी फिरवली. ट्रक पहिल्याच झटक्याला धडधडला.

असा हशा उठला की इंजिनाचाही आवाज ऐकू येईना. शुभदानं गाडी बंद करायला लावली आणि सोपानला ट्रकखाली पाठवलं. "इंजिनापासून सांगाड्यापर्यंत तारांची विणलेली पट्टी असते. बघ कशी आहे."

सोपाननं चिखल खरवडला. पट्टी गंजून तुटलेली, टोकं हिरवीगार.

"इंजिन रबरावर बसवलेलं असतं, आणि रबरातून वीज जात नाही," शुभदानं सांगितलं. "स्टार्टरमधून गेलेली वीज याच पट्टीवाटे बॅटरीकडं परतते. दिव्यांची वाट वेगळी, म्हणून ते लागायचे. बाबांनी ट्रकखाली ध्यान नाही लावलं, ही तुटकी पट्टी बघितली. चिमट्याचं एक टोक सांगाड्याला, दुसरं इंजिनाला टेकवून तेवढी जागा जोडली की झालं. डिझेलचं इंजिन एकदा सुरू झालं की त्याला चिमटा लागत नाही. लागतो तो दुसऱ्या दिवशी, बाबांचं जेवण चालू राहायला!"

गावचे पोलीसपाटील निवृत्ती पाटील पुढं आले आणि त्यांनी बाबांच्या चिमट्याचं तांबडं फडकं सोडलं. चिमट्याला आतून तांब्याची जाड तार गुंडाळलेली होती. आपण पूर्वी ट्रकच्या गॅरेजात होतो, हे बाबांनी तिथंच कबूल केलं. बाईला करणी करणारी म्हणणं हा कायद्यानं गुन्हा आहे, हे सांगून पाटलांनी पोलिसांना फोन लावला.

सोपान मातीनं माखलेला तसाच विठाबाईपुढं उभा राहिला. "मावशी, चुकलं माजं. तुमी मारलं तरी चालंल."

"मारीन नंतर," डोळे पुसत विठाबाई म्हणाली. "वस्तीवरची लेकरं तान्हेली असतील. आदी पानी पोचीव."

शुभदा गर्दीकडं वळली. "यंत्र बिघडलं तर त्याला कारण असतं, आणि शोधलं तर ते सापडतं. एखादेवेळी मिस्त्रीला सापडणार नाही. मग दुसरा बोलवा, तिसरा बोलवा. पण एखाद्या माणसाकडं बोट दाखवायच्या आधी एकदा गाडीखाली वाकून बघा."