काळ्या गाडीचा टॉवेल

लग्नाला तीन महिने होऊन गेले, तरी जावयाचं सासऱ्यांशी बोलणं "जेवलात का?" आणि "हो, जेवलो" याच्या पुढे सरकलं नव्हतं. सासरे आयुष्यभर दातांचे डॉक्टर. दुसऱ्याचं तोंड उघडायला लावायचं आणि आपलं मिटून ठेवायचं, ही सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती.

सासरी मुक्काम होता. रविवारी सगळे झोपेत असताना जावई उठला आणि त्यानं सासऱ्यांची लाडकी काळी गाडी धुवायला घेतली. धुणं झकास झालं. पण पुसायला काही घेतलंच नव्हतं, आणि उन्हात थेंबांचे डाग धरायला लागले. घाईघाईत त्यानं दोरीवरचा हाताला लागेल तो टॉवेल ओढला. पांढरा, जाड, नवाकोरा. टप खसाखसा पुसला, मागे सरून पाहिलं, तर वर एखादं मांजर लोळून गेल्यासारखे पांढरे धागेच धागे!

"तो माझा टॉवेल आहे," मागून आवाज आला.

जावयाचं तोंड एवढंसं झालं. "चुकलं बाबा. मी नवीन आणून देतो."

सासऱ्यांनी टपावरून बोट फिरवलं, बोटाला चिकटलेला धागा निरखून पाहिला.

"माझ्यासाठी नको. गाडीसाठी आणू. चला, बसा."

गाड्यांच्या सामानाच्या नुकत्याच उघडलेल्या दुकानातल्या बाईंनी काउंटरवर टॉवेलांचा ढीग घातला. सासरे एकेकाची कड दाढ तपासावी तशी तपासायला लागले.

"हिची शिवण टोचते. रंगावर ओरखडे काढेल."

जावयानं बाईंकडून पेलाभर पाणी मागून घेतलं, काउंटरवर थोडं सांडलं आणि एकेक टॉवेल त्यावर टेकवून पाहिला. एकानं पाणी नुसतंच पुढे ढकललं. चादरीएवढ्या एका राखाडी टॉवेलनं मात्र क्षणात पिऊन टाकलं.

"हाच घ्या," बाई म्हणाल्या. "घासायचा नाही. पसरायचा आणि हळूच ओढायचा."

सासऱ्यांचे डोळे चमकले. जावई मात्र घुटमळला. सासऱ्यांचा उजवा खांदा धरलाय, हे बायकोनं त्याच्या कानावर घातलं होतं.

"बाबा, हा भिजला की जड होणार. तुम्हाला एकट्याला झेपेल?"

सासरे टॉवेलची घडी घालत म्हणाले, "एकट्याला नाही झेपणार. दोघांना झेपेल."

घरी येऊन गाडी पुन्हा धुतली. टपाच्या अलीकडे एक, पलीकडे एक उभे राहिले, टॉवेल पसरला, ओढला. पाणी गायब! बोनेटवर मात्र जावयाच्या हातून टोक निसटलं.

"अरे, सोडतोस काय? घट्ट धर की! ओढ तुझ्याकडे!"

पायरीवर केस विंचरणारी बायको हात थांबवून बघतच राहिली. बाबा आणि तिच्या नवऱ्याला अरेतुरे? जावयाला तर कुणी पाठीवर थाप मारल्यासारखं वाटलं. त्यानं टोक घट्ट धरलं आणि मुद्दाम जरा जास्तच ओढलं. सासरे खुसखुसले.

"नाश्ता गार होतोय!" आतून सासूबाईंनी हाक मारली.

"आलोच!" दोघं एकदम म्हणाले, आणि चाकं पुसायला खाली बसले.